कोकण किनाऱ्याची कार ट्रिप: आधी तिथी बघा, नकाशा नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डिसेंबरात पाच दिवस, एक गाडी, चार मोठे आणि दोन मुलं (वय ८ आणि ११), दोन तंबू नवीन घेतलेत, पुण्याहून निघून अलिबाग ते वेंगुर्ला किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, रोज एक तरी चांगला वॉक हवा आणि जमेल तिथे बीचवर कॅम्पिंग. आणि शेवटी विचारलंय की "रोज किती किमी धरावेत".

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. किमी धरूच नका, तास धरा. सागरी मार्गावर मी ताशी ३० च्या वर हिशोब करत नाही, आणि गेली अठरा वर्षं ग्रुप घेऊन जातोय तरी करत नाही. रस्ता वाईट असतो म्हणून नव्हे, बऱ्याच ठिकाणी आता मस्त झालाय. पण दर दहा-पंधरा किमीला एक खाडी आडवी येते, मग एकतर फेरीबोट नाहीतर वर आत जाऊन पुलावरून वळसा, त्यात उतार-चढ, गावातल्या चिंचोळ्या गल्ल्या जिथे समोरून एसटी आली की कोणीतरी एकाने रिव्हर्स घ्यायचा असतो (तो तुम्हीच घेता, एसटी घेत नाही). अलिबाग ते वेंगुर्ला पाच दिवसांत होईल, पण गाडीच्या काचेतून होईल. तंबू डिकीतच राहतील.

म्हणून माझं ऐका, अलिबाग-मुरुड कापा, मालवण-वेंगुर्ला पण कापा, त्याची वेगळी ट्रिप करा. हरिहरेश्वर ते रत्नागिरी एवढाच तुकडा घ्या. तीन फेरीबोटी, चार रात्री, आणि चालायला कोकणातले सगळ्यात भारी किनारे याच पट्ट्यात आहेत.

आता मुख्य मुद्दा, जो ट्रिप प्लॅन करणारे दहातले नऊ जण बघतच नाहीत. तारीख सुट्टी बघून ठरवतात, हॉटेल रेटिंग बघून ठरवतात, आणि समुद्र किती वाजता कुठे असेल हे कोणी बघत नाही. अहो किनाऱ्यावर चालायचं तर किनारा शिल्लक तर पाहिजे ना! भरतीला याच बीचवर दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत, आणि सहा तासांनी तिथेच क्रिकेटच्या दोन मॅच एकदम होतात.

यासाठी ॲप वगैरे आहेत, बघा जरूर, पण त्याआधी घरातलं कॅलेंडर बघा ज्यावर तिथी असते. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर किंवा अमावस्येनंतर परत एक पासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, मी प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरतो, पण ढोबळ प्लॅनला हे पुरेसं आहे आणि रेंज नसली तरी चालतं.

आता यातली गंमत बघा. अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराला आणि रात्री बाराला, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. तुम्हाला चालायचंय नेमकं तेव्हाच! आणि हे उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी मागेही खूप जातं, किनारा लांबच्या लांब उघडा पडतो. याउलट अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळ-संध्याकाळ पाणी वर, आणि किनारा मोकळा होणार दुपारी बाराला, ऐन उन्हात. त्यातून ते भांगाचे दिवस, पाणी धड मागेही जात नाही. तोच बीच, तेच पैसे, फक्त आठवडा चुकला.

त्यामुळे डिसेंबरमधला असा पाच दिवसांचा तुकडा शोधा जो चतुर्दशीला सुरू होऊन तृतीयेला संपेल. मुलं बरोबर आहेत तर पौर्णिमेचा घ्या, रात्री उजेड असतो आणि मुलं घाबरत नाहीत. आकाश बघायची आवड असेल तर अमावस्येचा. त्यासाठी एक-दोन दिवस रजा टाकावी लागली तर टाका, शनिवार-रविवारी तसंही या किनाऱ्यांवर घोडे, उंटगाड्या आणि पॅरासेलिंगचीच गर्दी असते.

हे धरून रूट असा.

पहिला दिवस (चतुर्दशी). पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर, पावणेदोनशे किमीच्या आसपास, सकाळी सातला निघालात तर दुपारी जेवायला पोचता. ओहोटी साडेचार-पाचच्या सुमाराला, तेव्हाच प्रदक्षिणा मार्ग करा. देवळामागून पायऱ्या चढून वर जायचं आणि मग दोन कड्यांच्या मधल्या अरुंद खिंडीतून पायऱ्या थेट समुद्रात उतरल्यासारख्या खाली येतात, खाली खडकाचा सपाट ओटा, लाटांनी त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी खाल्लेली. तासाभराचा वॉक, पण कोकणात असा दुसरा नाही. आणि धोकादायक पण हाच, इथे खडकावरून माणसं ओढली गेलेली आहेत. पाणी चढायला लागलं असेल, खडक ओले दिसत असतील, स्थानिक माणूस "आता नको" म्हणाला, तर परत फिरायचं, वाद नाही. फोटोसाठी कडेला पाठ करून उभं राहायचं नाही. ती रात्र हरिहरेश्वरला खोलीतच काढा, पहिल्याच दिवशी नवीन तंबू अंधारात उभा करायला गेलात तर नवरा-बायकोत भांडण होतं, हे मी कमीत कमी वीस जोडप्यांचं बघितलंय.

दुसरा दिवस (पौर्णिमा). सकाळी सहाला बीचवर, चहाच्या आधी. मग बागमांडला ते वेशवी फेरीबोट, सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा. गाडी बोटीवर चढवायला मुलांना फार मजा येते. सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि वेळापत्रकाची आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, या मार्गावर फेरीबोट चुकली तर म्हाप्रळ-आंबेतचा वळसा पडतो, पण पुढे दाभोळला चुकली तर थेट चिपळूणला जाऊन यावं लागतं आणि अख्खा दिवस गेला. मॅप तुम्हाला रात्री अकरालाही फेरीबोटीचाच रस्ता दाखवतो, त्याच्या नादी लागू नका.

वेशवीहून बाणकोटचा हिम्मतगड, छोटासा किल्ला, इंग्रजांनी याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलेलं. वरून सावित्रीचं मुख आणि पलीकडे काल रात्री राहिलेलं हरिहरेश्वर दिसतं. मग वेळास. हे नाना फडणवीसांचं गाव, आणि ऑलिव्ह रिडले कासवांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला. पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्च-एप्रिल, डिसेंबरात ती दिसणार नाहीत. पण डिसेंबरात माद्या अंडी घालायला रात्री किनाऱ्यावर येत असतात, म्हणून वेळास आणि आंजर्ले या दोन्ही ठिकाणी वाळूवर तंबू नाही, शेकोटी नाही, टॉर्च मारत फिरणं नाही. उजेड दिसला की मादी परत फिरते. कोणी कितीही म्हणालं "टाका हो, काही होत नाही", तरी नाही. जेवण मात्र वेळासला कुणाच्या घरी सांगून ठेवा, तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं पुण्यात तसं लागत नाही, पाणी वेगळं असावं.

पुढे केळशी नकाशावर अगदी जवळ दिसतं पण मधे भारजा नदी आहे, वळसा मारून जायचं. केळशीला वाळूची मोठी टेकडी आहे किनाऱ्याला लागून, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केलाय, त्सुनामीने झाली असावी असंही मांडलं गेलंय. मुलांना एवढंच सांगा की समुद्राने एका दमात एवढी वाळू आणून टाकली असेल का, मग अर्धा तास ती स्वतःच वाद घालतात. केळशी, उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले हा रस्ता सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात सुंदर, गाडी हळू चालवा. संध्याकाळी सहाच्या ओहोटीला पाडले-आंजर्ले किनाऱ्यावर वॉक. आजूबाजूला माणूस नसतो.

आणि रात्री तंबू. वाळूवर नाही म्हटलं, मग कुठे? वाडीत. गावात ज्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे अशा कुणालातरी नीट विचारायचं, "काका, तुमच्या वाडीत रात्रीपुरते दोन तंबू लावू का, जेवण पण तुमच्याकडेच घेऊ". दहातले आठ जण हो म्हणतात. विहिरीचं पाणी मिळतं, बाथरूम मिळतं, कुत्रं राखण करतं, आणि काकूंना उत्पन्न होतं. सुरूच्या बनात परस्पर तंबू ठोकू नका, ते बहुतेक ठिकाणी वनखात्याचं किंवा ग्रामपंचायतीचं असतं, परवानगी लागते आणि सुरूच्या वाळक्या काड्यांचा जो थर असतो तो एका ठिणगीत पेटतो. आणि वाडीत असताना वर बघा! नारळाच्या झाडाखाली तंबू लावायचा नाही, झापा (झावळ्या) खाली पडल्या तरी डोकं फुटतं, नारळ तर सोडाच. नवीन लोक सावली बघून बरोब्बर तिथेच लावतात. सुपारीखाली किंवा मोकळ्या अंगणात लावा.

पुढे कधीतरी मोकळ्या वाळूवर, जिथे चालतं तिथे, तंबू लावायची वेळ आलीच तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे सुकलेल्या शेवाळाची, शिंपल्यांची, प्लास्टिकची रेघ, ती कालची भरती. उधाणाच्या रात्री बारा वाजता पाणी तिथे परत येणार, थोडं वरही येऊ शकतं. दुसरी म्हणजे मर्यादवेल, ती जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची वेल वाळूवर पसरलेली असते. नावातच आहे, समुद्राची मर्यादा. वेलीच्या वरच्या अंगाला तंबू, खालच्या अंगाला कधीच नाही. आणि वेल उपटून जागा करायची नाही, वाळू तिनेच धरून ठेवलेली असते. तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधून ती पुरा, हलत नाही. रात्री वारा जमिनीकडून येतो, दुपारचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई वारे शाळेत शिकलो ते इथे अंगाला कळतात, म्हणजे संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून लावलेल्या तंबूत मस्त वारा लागतो आणि पहाटे तोच तंबू गप्प गार होतो. डिसेंबरात दहिवर एवढं पडतं की वरचं कव्हर नसेल तर पहाटे आत पाऊस पडल्यासारखं ठिबकतं.

तिसरा दिवस (प्रतिपदा). आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गावातून पायऱ्या चढून जा, गाडीने नको, वरून सुवर्णदुर्ग दिसतो. मग जोग नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून हर्णै, मासळीचा लिलाव बघायचा असेल तर संध्याकाळचा जास्त रंगतो पण तुम्ही तोवर पुढे गेलेले असाल, जाऊ द्या. मुरुड (महर्षी कर्व्यांचं, जंजिऱ्याचं नव्हे), कर्दे, लाडघर करत दाभोळ, फेरीबोटीने धोपावे, गुहागर. दाभोळला शाही मशीद आहे, अर्धा तास काढा, एकेकाळी हे केवढं मोठं बंदर होतं ते तिच्याकडे बघून कळतं.

इथे माझी एक फजिती सांगतो कारण तुमच्याकडे पण कोणीतरी हे करणारच. २०११ ला दापोलीकडच्या एका बीचवर मी, म्हणजे लोकांना शिकवणारा मी, गाडी वाळूवर घातली. ओली वाळू सिमेंटसारखी कडक असते, पन्नास मीटर मस्त गेली, मग गाडी वळवायला म्हणून कोरड्या पट्ट्यात घेतली आणि पुढची दोन्ही चाकं बसली. ॲक्सिलरेटर दिला, अजून बसली. त्या दिवशी भरती तीनला होती आणि वाजले होते दीड. आम्ही पाच जण हातांनी वाळू उपसतोय, पाणी आमच्याकडे येतंय, शेवटी गावातून ट्रॅक्टर आला तेव्हा लाटा मागच्या चाकाला लागत होत्या. ट्रॅक्टरवाल्याने मागितले तेवढे दिले, घासाघीस करायची ती वेळ नव्हती. दोन वर्षांनी ती गाडी खालून गंजून विकावी लागली. गाडी किनाऱ्यावर नेऊ नका. फोर बाय फोर असली तरी नको, पोलीस गुन्हा पण दाखल करतात आता, आणि कासवांची घरटी असतात ती वेगळीच.

चौथा दिवस (द्वितीया) हा या सगळ्या हिशोबाचा खरा फायदा. सकाळी साडेसातला ओहोटी, गुहागरचा सुरूच्या बनाला लागून पाच-सहा किमी सरळ किनारा, दक्षिणेला असगोलीकडे जाऊन परत या, अनवाणी. मग व्याडेश्वराचं देऊळ, नाश्ता, आणि गाडी काढून हेदवी. भरती दीड वाजता. आता भरती हवीये! कारण हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ खडकात बामणघळ आहे, एक अरुंद लांब भेग, भरतीचं पाणी तिच्यात जोरात घुसतं आणि कोंडून वर कारंज्यासारखं उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती खडकातली फट दिसते आणि लोक "काही खास नाही" असं सांगत परत येतात. उधाणाच्या दिवसांत ऐन भरतीला, आहाहा. पण लांबून बघा, मुलांचा हात धरून, घळीच्या काठावर जायचं नाही, तिथल्या पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत.

तिथून तवसाळ ते जयगड फेरीबोट, शास्त्री नदीची खाडी. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक, मुलांना मराठीच्या पुस्तकात कविता असेल तर थांबा नाहीतर कंटाळतील. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या पण पाण्यात उतरू नका, तो किनारा पोहायला वाईट आहे. संध्याकाळी सात-साडेसातच्या ओहोटीच्या आधी आरे-वारे. वरच्या रस्त्यावरून दोन्हीकडचा समुद्र दिसतो तिथे सगळे थांबतात, तुम्ही पण थांबा, मग खाली उतरून चाला. खाडीच्या मुखापाशी मात्र पाण्यात पाय पण घालू नका, ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर ओढलं जातं, गुडघाभर पाण्यात माणूस उभा राहत नाही. पोहायचंच असेल तर पाणी चढत असताना, खाडीपासून लांब, कमरेएवढ्या पाण्यात आणि गावातल्या माणसाला विचारून. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालायचं, वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बसलेला असतो, घासत गेलं की तो आधीच पळतो. खडकावर जाताना सँडल हवेच, खडकाला चिकटलेली कालवं (शिंपले) तळपाय ब्लेडसारखी कापतात.

पाचवा दिवस (तृतीया). रत्नागिरीहून पावस, गणेशगुळे, सव्वाआठच्या ओहोटीला शेवटचा वॉक, शांत किनारा आहे. कशेळी, देवघळी मोहात पाडतील पण तिकडे गेलात तर पुण्याला मध्यरात्र होते. अकरापर्यंत निघा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, आणि मग वर हायवे.

सामानाचं फार लिहीत नाही. वीस लिटरचा पाण्याचा कॅन, डोक्याला लावायचे टॉर्च (शक्यतो लाल उजेडाचे), जुन्या चादरी, मुलांना टोप्या, कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या ज्या भरून परत आणायच्या. पेट्रोल दापोली आणि गुहागरला टाकी फुल करा. रात्री गाडी चालवू नका, रानडुकरं आणि रस्त्यात बसलेल्या म्हशी, दोन्ही दिसत नाहीत.

घरी आल्यावर त्याच दिवशी, कितीही दमला असाल तरी, तंबूच्या चेन गोड्या पाण्याखाली धरून ब्रशने घासा आणि तंबू दोन दिवस सावलीत उलटा टांगून ठेवा. वाळूचा एक कण चेनमध्ये राहिला की पुढच्या ट्रिपला ती बरोब्बर डास असलेल्या गावात तुटते. गाडी पण खालून धुवून घ्या, सर्व्हिसिंगवाला विचारेल "साहेब, कुठं गेलता?" तर सांगा त्याला.